हाडगिला म्हणजे काय? पाणथळीतल्या एका पक्ष्याच्या नावाची गोष्ट



आज आम्ही तुमच्यासाठी एक लांबचा शब्द आणला आहे. शब्द आहे 'हाडगिला'. बंगालमध्ये आणि आसाममध्ये एका मोठ्या पक्ष्याला या नावानं ओळखतात. बंगाली तुमच्यापैकी फार कोणाला येत नसेल. तरी एक करा. हा शब्द सावकाश, तोडून म्हणा. हाड... गिला. काही ओळखीचं वाटतंय का?

वाटणारच. पहिला तुकडा आपलाच आहे. हाड म्हणजे हाड. दुसरा तुकडाही आपलाच, फक्त जरा वेगळा पोशाख घालून आलाय. आपण 'गिळणं' म्हणतो, बंगाली माणूस त्याला 'गेला' म्हणतो. आपल्या ळच्या जागी तिकडं बहुतेक वेळा ल येतो. आपल्या फळाचं तिकडं 'फल' होतं आणि काळ्याचं 'कालो'. तसंच हे. म्हणजे हाडगिला याचा अर्थ झाला हाडं गिळणारा. आपल्या बोलीत सांगायचं तर 'हाडगिळ्या'.

हा 'गिल' फार जुना आहे. संस्कृतात एका प्रचंड मोठ्या सागरी माशाला तिमिंगिल म्हणतात. तिमी म्हणजे मोठा मासा, आणि त्यालाही गिळणारा तो तिमिंगिल. एका नावात मासा गिळणारा आहे, दुसऱ्या नावात हाड गिळणारा.

मग तुम्ही म्हणाल, इतकं सोपं आहे तर समजावून सांगायचं काय? तर गंमत अशी, की आपल्याकडच्या पेपरांत या पक्ष्याची बातमी येते तेव्हा नाव छापलेलं असतं 'हरगिला'. बंगाली आणि असमिया माणूस हाड हा शब्द उच्चारताना जीभ जरा फिरवतो, तो ड आपल्या कानाला र सारखा लागतो. इंग्रजांनी लिहिताना तो र केला. पुढं इंग्रजीवरून हिंदीत आणि मराठीत आला तो हरगिला होऊनच. एका अक्षरानं हाड निघून गेलं आणि नाव मुकं झालं. म्हणून आज आपण ते नाव पुन्हा बोलकं करणार आहोत. आणि हे नाव बोलायला लागलं, की पक्ष्याबद्दल जेवढं सांगतं तेवढंच माणसांबद्दलही सांगतं.

पक्षी कसा असतो?

हाडगिला हा करकोच्याच्या कुळातला पक्षी. उभा राहिला की पाच फुटांच्या आसपास भरतो, म्हणजे आपल्यातल्या अनेकींच्या खांद्याला खांदा लागेल. पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत आठ फूट. चोच पाचरीसारखी जाड आणि लांब. डोकं आणि मान जवळजवळ उघडी, पिसांशिवाय, लालसर पिवळट कातडीची. गळ्याखाली एक पिशवी लोंबते. पाय लांब आणि चालणं ताठ, एकेक पाऊल मोजून टाकल्यासारखं.

तो राहतो नद्यांच्या काठाला, दलदलीत, पाणथळ जागी. आसाममध्ये अशा पाणथळीला 'बील' म्हणतात. पाणी उतरू लागलं की उथळ पाण्यातले मासे, बेडूक, साप हे त्याचं खाणं. उंदीर-घुशीही खातो. शिवाय मेलेलं जनावर दिसलं तर तेही खातो, आणि हाडाचा तुकडा आला तर चावत न बसता सरळ गिळतो. म्हणजे नाव देणाऱ्यानं खोटं काही सांगितलेलं नाही. जे डोळ्यांनी दिसलं तेच नावात घातलं.

पण या पक्ष्याबद्दल काही गैरसमजही आहेत. गळ्याची पिशवी बघून लोकांना वाटतं, गिळलेली हाडं यात साठवतो. तसं नाही. ती हवेची पिशवी आहे, तिचा अन्नाशी संबंध नाही. मानेवर पिसं नाहीत ती रोगानं झडलेली नाहीत. मेलेल्या जनावरात मान घालायची तर पिसं चिकटतील, घाण होतील, म्हणून निसर्गानं ती दिलीच नाहीत. पाय पांढरट दिसतात, कारण उन्हात अंग गार ठेवायला तो आपली ओली विष्ठा पायांवर सोडतो. ती वाळते आणि अंगातली उष्णता कमी होते. आपल्याला जे ओंगळ दिसतं, ती त्याची जगण्याची सोय आहे.

एक पक्षी, अनेक नावं

पाखरांना नावं कशी पडतात ते आपल्याला घरबसल्या माहीत आहे. टिटवी ओरडते तसं तिचं नाव. पाण्यात राहणारा काळा पक्षी तो पाणकावळा. झाडाला भोकं पाडतो तो सुतार. बंगालीतही हीच रीत. चिखलात चोच खुपसून किडे शोधणाऱ्या एका पक्ष्याला तिकडं 'कादाखोंचा' म्हणतात. कादा म्हणजे चिखल, आणि खोंचा म्हणजे खोचणं, टोचणं. आपण त्याच पक्ष्याला पाणलावा म्हणतो. मासे पकडणारा रंगीत खंड्या तिकडं 'माछरांगा' होतो. हाडगिल्याच्या कुळातला, त्याच्यापेक्षा जरा लहान असा एक भाऊ आहे, त्याला बंगालीत 'मदनटाक' म्हणतात. टाक म्हणजे टक्कल. म्हणजे कोणी आवाज ऐकून नाव दिलं, कोणी काम बघून, कोणी रूप बघून.

आता हाडगिल्याची बाकीची नावं बघा. दीडदोनशे वर्षांपूर्वी कलकत्त्यात इंग्रजांच्या पलटणी होत्या. मैदानात हा पक्षी ताठ मानेनं पावलं टाकायचा. ते बघून इंग्रजांनी त्याचं नाव ठेवलं 'ॲड्ज्युटंट', म्हणजे पलटणीतला एक अधिकारी. शास्त्रज्ञांनी 1789 साली लॅटिनमध्ये जे नाव दिलं, त्यातला एक शब्द आहे 'दुबियस'. त्याचा अर्थ शंकेचा, खात्री नसलेला. आणि बिहारात भागलपूरकडं गंगेच्या काठी हाच पक्षी घरटी करतो, तिथं त्याला म्हणतात 'गरुड'. विष्णूचं वाहन, तो गरुड.

म्हणजे बघा, पक्षी एकच आहे. बंगाली आणि असमिया माणसाला त्याचं खाणं दिसलं. इंग्रजाला चाल दिसली. शास्त्रज्ञाला शंका दिसली. भागलपूरच्या गावकऱ्याला देव दिसला. आणि नावाप्रमाणं वागणूक मिळाली. भागलपूरकडं गरुडाच्या घरट्याला सहसा कोणी हात लावत नाही, कारण देवाच्या वाहनाला कोण मारणार? पण 'हाडं गिळणारा' या नावाच्या वाट्याला काय आलं?

बंगालमध्ये काय झालं?

एके काळी कलकत्त्यात हाडगिले ढिगानं होते. जुन्या चित्रांत ते लाटसाहेबांच्या वाड्याच्या छपरावर आणि कमानींवर बसलेले दिसतात. शहरात तेव्हा गटारं धड नव्हती. कचरा, मेलेली जनावरं उघड्यावर पडायची. ते सगळं हे पक्षी साफ करायचे. झाडूवाल्याचं काम ते फुकट करत होते. त्यांना मारलं तर दंड भरावा लागे. कलकत्ता महापालिकेच्या जुन्या चिन्हावर तर समोरासमोर दोन हाडगिले उभे होते, चोचीत साप धरलेले.

दुसरीकडं त्यांचा छळही कमी झाला नाही. शेपटीखालची मऊ पिसं विलायतेतल्या बायकांच्या नटण्यामुरडण्यासाठी जहाजानं जायची. आज बांगलादेशात असलेल्या कुमारखाली या गावाच्या नावानं ती पिसं परदेशातल्या बाजारात ओळखली जात. हाडगिल्याच्या डोक्यात सापाचं विष उतरवणारा मणी असतो, अशीही एक समजूत होती. असा मणी कोणत्याही पक्ष्याच्या डोक्यात नसतो. साप चावला तर सरळ दवाखाना गाठायचा, हे आम्ही या केंद्रावरून किती वेळा सांगितलंय.

पुढं शहर बदललं. मोठी झाडं गेली, पाणथळी भरल्या, उघडा कचरा कमी झाला. विसाव्या शतकात हाडगिला कलकत्त्यातून दिसेनासा झाला. आज तिथल्या पोरांनी तो पाहिलेलाही नाही. पण शब्द राहिला. एखादा माणूस काटकुळा, लांब मानेचा, बघवत नाही असा असला की बंगालीत त्याला 'हाडगिले' म्हणून चिडवतात. पक्षी गेला आणि शिवी मागं उरली.

हे ऐकून आपल्याकडचं काही आठवलं का? आपणही म्हणतो, 'गिधाडासारखा टपून बसलाय.' गिधाडाचं काम हाडगिल्यासारखंच, मेलेलं जनावर साफ करायचं. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत आपल्या देशातली गिधाडं जवळजवळ संपली. कारण निघालं जनावरांना दुखण्यासाठी टोचायचं 'डायक्लोफिनॅक' हे औषध. औषध दिलेली गाय किंवा बैल मेला आणि गिधाडांनी तो खाल्ला, की त्यांचे मूत्रपिंड निकामी होतात. जनावरांसाठी हे औषध 2006 साली बंद झालं. आज आपल्या कितीतरी गावांत गिधाड दिसत नाही, पण टोमणा रोज ऐकू येतो. म्हणून एक कामाची गोष्ट इथंच सांगून ठेवतो. गोठ्यात डॉक्टर आले तर विचारा, 'हे कुठलं इंजेक्शन?' डायक्लोफिनॅकच्या जागी मेलॉक्सिकॅम हे औषध चालतं आणि ते गिधाडांना बाधत नाही.

आसामच्या बायकांनी काय केलं?

आता चला आसामला. ब्रह्मपुत्रेच्या काठी कामरूप जिल्ह्यात दादरा, पाचरिया आणि सिंगीमारी अशी गावं आहेत. इथं हाडगिले घरटी करतात ती रानात नाही, लोकांच्या परसातल्या उंच झाडांवर. कदंब, सावर असली झाडं. पावसाळा सरता सरता ते येतात, काटक्यांची मोठी घरटी बांधतात, दोन ते चार अंडी घालतात. अंडी उबवायला महिनाभराहून थोडे अधिक दिवस आणि पिल्लं मोठी व्हायला साधारण पाच महिने. एवढा काळ ते कुटुंब तुमच्या परसात मुक्कामाला.

आता त्या घरच्या बाईच्या जागी स्वतःला ठेवा. वरून विष्ठा पडते. अर्धवट खाल्लेले मासे, कुजलं मांस अंगणात पडतं. वास सुटतो. झाडायचं कोणी? तिनंच. शिवाय पक्षी अपशकुनी मानलेला, नाव असलं. मग घरमालक झाडच तोडून टाकायचा. झाड त्याच्या मालकीचं, कायद्यानं तरी कुठं कुठं पुरं पडायचं?

2007 साली असंच एक झाड तोडलं गेलं आणि पिल्लं खाली पडली. तिथं तेव्हा पूर्णिमा देवी बर्मन नावाची एक तरुणी पोहोचली. ती जीवशास्त्राची विद्यार्थिनी, पीएचडीचा अभ्यास करत होती. लहानपणी आजीकडं राहिलेली. आजी शेतकरी होती, तिनंच नातीला भातखाचरांत आणि बिलांवर नेऊन पक्ष्यांची ओळख करून दिली होती. पूर्णिमानं झाड तोडणाऱ्याला जाब विचारला. लोक जमले, तिच्यावर हसले, शिट्ट्या मारल्या. घाण तुम्ही येऊन साफ करणार का, असंही विचारलं गेलं.

ती चिडून निघून गेली नाही. तिच्या लक्षात आलं, की या लोकांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. त्रास त्यांना होतो, आणि पक्षी वाचवा म्हणून सांगणारे बाहेरून येतात. तिनं पीएचडी लांबणीवर टाकली आणि गावात जाऊ लागली. बायकांशी बोलायचं तर बायका जमतील असं काहीतरी हवं. मग स्वयंपाकाच्या स्पर्धा घेतल्या. आल्या बायका. बोलता बोलता पक्ष्याचा विषय निघाला.

सगळ्यात सुंदर युक्ती पुढची. आसाममध्ये गरोदर बाईचा 'पंचामृत' नावाचा समारंभ करतात. आपलं डोहाळजेवण असतं ना, त्याच जातीचा. हाडगिल्यांचा अंडी घालायचा हंगाम आला, की या बायकांनी हाडगिलीचं पंचामृत करायला सुरुवात केली. गाणी म्हणायची, गोडधोड करायचं. आता विचार करा, ज्या पक्षिणीचं डोहाळजेवण आपण केलं, तिच्या घरट्यावर कुऱ्हाड चालवायला कोणाचा हात उठेल? ती मग घाण करणारी राहिली नाही. माहेरी बाळंतपणाला आलेली लेक झाली.

नुसत्या मायेवर भागत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. म्हणून झाडांखाली जाळी बांधली, पिल्लू पडलं तरी झेलायला. बायकांना हातमाग आणि सूत मिळालं. मेखला-चादर, गमछा, साड्या यांच्यावर त्या हाडगिल्याचं चित्र विणू लागल्या आणि विकू लागल्या. घरात पैसा आला. 2017 पासून बांबूचे उंच मचाण उभे करून त्यावर घरटी होतात का, तेही करून पाहिलं. दोनेक वर्षांत त्या मचाणावर पिल्लं निघाली.

या बायकांना आज 'हाडगिला आर्मी' म्हणतात. त्यांची संख्या दहा हजारांवर गेली आहे. त्या तीन गावांत सुरुवातीला 28 घरटी होती, ती अडीचशेच्या वर गेली. पूर्णिमा देवींना 2017 चा नारी शक्ती पुरस्कार मिळाला, 2022 साली संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' हा पर्यावरणाचा मोठा सन्मान मिळाला. राहिलेली पीएचडीही त्यांनी पुरी केली. जगातल्या कोणत्या प्राण्याला किती धोका आहे, याची यादी ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं 2023 साली हाडगिल्याला 'संकटग्रस्त' या यादीतून काढून दोन पायऱ्या वर, 'संकटाच्या जवळ' अशा यादीत घेतलं. धोका टळलेला नाही. पाणथळी अजून बुजत आहेत. गुवाहाटीच्या दीपोर बील या नामांकित पाणथळीजवळ कचरा डेपोच्या ढिगावर हाडगिले उभे असल्याचं चित्र अनेकांनी पाहिलं असेल. माशांच्या जोडीला आता प्लास्टिकही त्यांच्या पोटात जाऊ शकतं. पण उतार थांबला आणि चढ सुरू झाला, हे खरं.

नाव तेच, पण

आता पुन्हा नावाकडं येऊ. एवढं सगळं करताना या बायकांनी पक्ष्याचं नाव बदललं असतं तर? अपशकुनी वाटतं ना, मग काहीतरी छान नाव ठेवू, 'राजहंस' म्हणू, असं म्हणता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. हाडगिला हेच नाव ठेवलं. तेच नाव कपड्यावर विणलं, तेच गाण्यात घातलं, तेच आपल्या फौजेला दिलं. असमियात थोरल्या बहिणीला 'बाइदेउ' म्हणतात. पूर्णिमा देवींना लोक आता 'हाडगिला बाइदेउ' म्हणतात. म्हणजे आपल्याकडं म्हणावं 'हाडगिळेताई'. जो शब्द दुसऱ्या ठिकाणी चिडवायला वापरतात, तो इथं मानानं हाक मारायला वापरतात. अर्थ कणभरही बदललेला नाही. हाड तेच आहे, गिळणंही तेच आहे. म्हणणाऱ्याचा सूर बदलला.

खरं तर त्या नावात लाजण्यासारखं होतं काय? हाडं गिळतो म्हणजे घाण पोटात घेऊन गाव साफ ठेवतो. कुजणारं मांस तसंच पडलं तर कुत्री वाढतात, रोगराई वाढते. ते काम तो करतो. साफसफाई करणाऱ्यालाच घाणेरडं म्हणायची खोड फक्त पाखरांपुरती नाही, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. घरात, गावात, नाल्यावर, उकिरड्यावर हे काम कोण करतं आणि त्यांना कोणत्या नावानं हाक मारली जाते, ते आपण रोज ऐकतो. आसामच्या त्या बायकांना हाडगिल्याचं दुखणं लवकर कळलं, त्याचं एक कारण हेही असावं असं आम्हाला वाटतं. अंगण झाडणाऱ्याही त्याच होत्या.

तेव्हा पुढच्या वेळी कुठं 'हरगिला' असं छापलेलं दिसलं, तर घरच्यांना सांगा, तो हाडगिला आहे, हाडं गिळणारा. बंगाली शब्द आहे, पण अर्थ कळायला डिक्शनरी लागत नाही.

आजच्यापुरतं इथंच थांबतो. पुढच्या बैठकीत बोलायला तीन गोष्टी देऊन ठेवतो.

गटाच्या बैठकीसाठी

1. आपल्या तळ्यावर, ओढ्यावर, भातखाचरात कोणते पक्षी येतात? त्यांची आपल्या बोलीतली नावं म्हाताऱ्या बायकांना विचारून वहीत लिहा. प्रत्येक नाव आवाजावरून पडलंय, रूपावरून की कामावरून, ते शोधा.

2. कोणत्या प्राण्यापक्ष्याचं नाव आपण शिवी म्हणून वापरतो? तो प्राणी गावात आता दिसतो का? शेवटचा कधी पाहिला?

3. आपल्या शिवारात घरटी असलेलं एखादं जुनं मोठं झाड आहे का? ते कोणाच्या मालकीचं आहे? त्या घरच्या बाईला त्याचा काय त्रास होतो, ते आधी तिच्याकडून ऐकून घ्या. बाकीचं बोलणं त्यानंतर.